खांद्याची मागची बाजू

हात कमरेमागे न्यायचा, पंजा पालथा करून पाठीला लावायचा आणि अंगठा मणक्यावरून जेवढा वर सरकेल तेवढा सरकवायचा. यात अवघड काही नाही. पाठ खाजवताना, शर्ट मागून आत खोचताना माणूस रोज तेच करतो. किल्लारीत रविवारी रुग्ण तपासायला येणारी फिजिओथेरपिस्ट जिमला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला आधी एवढंच करायला सांगते. दंड बाहीत मावत नाही, छाती पुढे आलेली, आणि अंगठा मात्र पँटच्या पट्ट्याच्या जरा वर येऊन अडकतो. "मॅडम, पुढं सरकंना की," असं म्हणणाऱ्याचं वय बावीस-तेवीस. सोबत आलेल्या वडिलांनी पन्नाशी ओलांडलेली असते, जिमचं दारही पाहिलेलं नसतं; त्यांचा अंगठा पाठीवरच्या फळीच्या हाडापर्यंत सहज पोचतो.

ती मूळची इथलीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात जुनं किल्लारी कोसळलं. त्यानंतर वसवलेल्या नव्या गावात तिचं बालपण गेलं. शिक्षण लातूरला झालं, आठवडाभराचं कामही तिथंच. रविवारी गावातल्या एका दवाखान्याची मागची खोली तिच्यासाठी मोकळी असते. सुरुवातीला या खोलीत झिजलेले गुडघे यायचे, अवघडलेल्या कमरा यायच्या, मधुमेहामुळे आखडलेले म्हाताऱ्या बायांचे खांदे यायचे. तरुण आला तर तो मोटारसायकलवरून पडलेला असायचा. गेल्या काही वर्षांत हे बदललं. औसा-उमरगा रस्त्याच्या बाजूच्या गावांमधून जिम निघाल्या. कुठं पत्र्याच्या शेडमध्ये, कुठं किराणा दुकानाच्या माडीवर. चार आरसे, दोन बेंच, एक केबलचं मशीन, रबरी मॅट आणि लोखंडी प्लेटांची चळत एवढ्यावर जिम उभी राहते आणि संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. मग "खांदा लई दुखायलाय" म्हणणारी तगडी पोरं रविवारच्या खोलीत दिसायला लागली.

ही मुलं स्पर्धेतली नाहीत, हे आधी सांगायला हवं. वेटलिफ्टिंग हा खेळ वेगळा. त्यात प्रशिक्षक असतो, वर्षाचं वेळापत्रक असतं, विश्रांतीचे आठवडे ठरलेले असतात. ही पोरं हौसेनं वजन उचलतात. दिवसा रानात किंवा दुकानात काम करतात, कोणी पोलीस भरतीचा अभ्यास करतो, आणि सहानंतर जिम गाठतात. शिकवणारा असतो तो त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा आणि मनापासून मेहनती. पण त्याचंही बरंचसं शिक्षण मोबाइलवर झालेलं. वेळापत्रक तोंडपाठ: सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर. गुरुवारी पुन्हा चेस्ट कशी येते, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. चेस्ट आवडते, एवढंच.

दुखणं बहुतेकांचं सारखं. हात बाजूनं वर नेताना खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ येते, तो टप्पा ओलांडला की थांबते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बेंच प्रेस मारताना रॉड छातीला टेकला की आत काहीतरी टोचतं. सुरुवातीला मुलं दुर्लक्ष करतात, मग बाम लावतात, मग मेडिकलमधून गोळी आणतात. तिच्याकडे येईपर्यंत दोन-तीन महिने सहज गेलेले असतात.

हा सांधा समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. खुब्याच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र इतकी उथळ, की दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा कुठल्याही क्षणी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सहज बिघडतो. गोळा वाटीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायूंकडे आहे. एक वरून येतो, दोन मागून, आणि एक फळीच्या आतल्या अंगानं. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. खांद्यावरचा गोलसर डेल्टॉइड हात उचलताना हाडाला वर खेचतो. त्याच क्षणी कफ गोळ्याला खाली आणि वाटीत दाबून धरतो. दोन्ही ओढी जुळल्या तर हात विनातक्रार वर जातो. डेल्टॉइड दांडगा आणि कफ दुबळा असेल तर गोळा थोडा वर सरकतो, आणि वरच्या हाडाखालून जाणाऱ्या स्नायुबंधावर ताण येतो.

यात पाठीवरची फळीही सामील असते. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या १८० अंशांच्या हालचालीत साधारण १२० अंश सांध्याचे असतात आणि ६० अंश फळी फिरल्यामुळे मिळतात, हे इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ सालीच दाखवलं होतं. फळी फिरवणारे स्नायूही एकटे काम करत नाहीत. मानेकडून उतरणारा ट्रॅपेझियसचा वरचा भाग, त्याच स्नायूचा पाठीच्या मध्यापर्यंत जाणारा खालचा भाग, आणि बगलेखाली बरगड्यांना चिकटलेला सेरॅटस या तिघांनी मिळून ओढलं तरच फळी नीट वळते.

जिमच्या वेळापत्रकावर हे सगळं ठेवून पाहिलं तेव्हा तिला एक गोष्ट लख्ख दिसली. बेंच प्रेसनं छातीचा मोठा स्नायू वाढतो आणि तो दंडाला आतल्या बाजूला वळवतो. इथपर्यंत मुलांनाही ठाऊक असतं. "पण आम्ही बॅक पण मारतो ना मॅडम," असं ती लगेच म्हणतात. मारतात, खरंय. पण त्यांची बॅक म्हणजे बहुतेक वेळा केबल वरून खाली ओढणं आणि चिन-अप्स. त्यानं वाढतात ते लॅट्स, म्हणजे मुलं ज्यांना विंग्स म्हणतात ते. आणि लॅट्ससुद्धा दंडाला आतच वळवतात! म्हणजे सोमवारी आत, मंगळवारीही आत. बुधवारी शोल्डर आलं तर डेल्टॉइडचा पुढचा भाग, तोही आत वळवणाराच. दंडाला बाहेर वळवणारे कफचे मागचे दोन छोटे स्नायू आठवडाभर कोणाच्याच यादीत नसतात. श्रग्ज मारून ट्रॅपेझियसचा वरचा भाग मानेपर्यंत फुगवला जातो. खालच्या भागाचं नावही कोणी घेत नाही. आरशात जे दिसतं ते वाढतं आणि पाठीमागचं तसंच राहतं.

हे फक्त किल्लारीचं नाही. अमेरिकेत मॉर्गन कोल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हौसेनं वजन उचलणाऱ्या ६० जणांचे खांदे तपासले आणि जिमला न जाणाऱ्या ३० जणांशी ताडून पाहिले. वजन उचलणाऱ्यांचा हात बाहेरच्या बाजूला जास्त वळत होता. बाकी सगळ्या दिशांनी त्यांची हालचाल कमी होती. ताकदीचं पारडं मोठ्या स्नायूंकडे झुकलेलं होतं. आत वळवणारे बाहेर वळवणाऱ्यांच्या मानानं जास्त जोरकस, आणि ट्रॅपेझियसचा वरचा भाग खालच्या भागाच्या मानानं. तिनं हा अभ्यास वाचला तेव्हा तिला आपल्याच रविवारच्या खोलीचं वर्णन वाचल्यासारखं वाटलं.

मोजमापाशिवाय मात्र मुलं ऐकत नाहीत. ज्यांचं अख्खं जग किलोवर चालतं त्यांना "मागचा स्नायू कमजोर आहे" हे वाक्य पुरत नाही. त्यासाठीचं हातात धरायचं यंत्र शहरातल्या मोठ्या केंद्रांत असतं, तिच्या खोलीत ते नव्हतं. तिनं बाजारातून लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पोती टांगून वजन करायला वापरतात तोच. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसऱ्या टोकाला पट्टा. कोपर बरगडीला चिकटवून पट्टा आधी आत ओढायचा आणि मग, उलट्या बाजूनं उभं राहून, बाहेर ओढायचा. निरोगी खांद्यात बाहेरची ओढ आतल्या ओढीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावी, असा ढोबळ अंदाज धरतात. बेंचवर मित्रांमध्ये सगळ्यात जास्त वजन मारणारा पोरगा आत ओढतो तेव्हा काट्यावरचा आकडा पाहून सोबतचे खूश होतात. बाहेर ओढायची वेळ येते तेव्हा आकडा निम्म्यापर्यंतही जात नाही. खोलीत कोणी हसत नाही. तो मुलगा पट्टा तपासतो, पुन्हा ओढतो, आकडा तेवढाच. त्यानंतर तिला फारसं समजवावं लागत नाही.

तरीही कोणी विचारतंच, एवढा मोठा खांदा दिसतो, मग कमजोर कसा? त्यावर तिच्याकडे एक उदाहरण आहे, आणि ते ती फक्त तरुणांना देते. भूकंपात घरातली माणसं गमावलेल्या वडीलधाऱ्यांसमोर नाही. जुन्या गावातल्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये चिखल आणि गोटे. दिसायला भक्कम. पण दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार होता. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले. भूकंपानंतर जी घरं उभी राहिली होती, त्यांच्या भिंतींना भोकं पाडून आरपार बंध भरण्याचं काम सरकारी कार्यक्रमातून झालं. गावोगावच्या गवंड्यांना ते शिकवलं गेलं. तुझ्या खांद्याला जाडी आहे, आरपार दगड नाहीत, असं ती सांगते. या भागातल्या पोराला याहून जास्त समजावून सांगायची गरज पडत नाही.

तिच्या लक्षात राहिलेली काही मुलं आहेत. एकाचा खांदा दर पावसाळ्यात दुखायचा, दिवाळीपर्यंत बरा व्हायचा. हवामानाचा परिणाम असावा असं घरचे म्हणत. तिनं त्याच्या दिवसाची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पाऊस पडला, सोयाबीन वर आलं की फवारणी सुरू होते. पाठीवरच्या पंपात १६ लिटर पाणी मावतं, म्हणजे पंपासकट वीस किलोच्या आसपास वजन. पट्टे खांद्यावर रुततात, एक हात दांडा वर-खाली करत राहतो, दुसरा हात नळी धरून पुढे ताणलेला. दिवसभर हे केल्यावर तो संध्याकाळी जिममध्ये शोल्डर मारायचा. फवारणीच्या आठवड्यात खांद्याचा व्यायाम पूर्ण बंद ठेवायचा, फक्त पाय आणि मागचे हलके व्यायाम करायचे, एवढंच तिनं सांगितलं. जिमची कुठलीच पुस्तकं पंपाचा विचार करत नाहीत, कारण ती ज्यांच्यासाठी लिहिलेली असतात त्यांच्या पाठीवर पंप नसतो. मराठवाड्यातल्या तरुणाला व्यायाम सांगायचा तर आधी त्याचं रान विचारलं पाहिजे.

दुसरे, पोलीस भरतीची तयारी करणारे. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं आणि ७.२६० किलोचा गोळा फेकायचा. मुलींना ८०० आणि १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. धावण्याचा सराव सगळे पहाटे रस्त्यावर करतात. गोळ्यासाठी मात्र जिममध्ये बेंच वाढवतात, कारण गोळा हातानं फेकला जातो असं त्यांना वाटतं. खरा जोर पायांतून निघून कमरेतून वर येतो, हात शेवटी लागतो. आणि गोळा सुटल्यावर पुढे झेपावलेल्या हाताला आवरायचं काम त्याच दुर्लक्षित मागच्या स्नायूंचं. जाहिरात निघाली की ही मुलं दोन महिन्यांत सगळं करू पाहतात. एखाद्याच्या घरी भरती ही एकच आशा असते. अशा वेळी "थांब" म्हणणं तिला जड जातं. ती सहसा पूर्ण थांबवत नाही. गोळ्याच्या फेकी कमी करते, धावणं चालू ठेवते, बेंच काढून टाकते. गुण गेले तर खांदा बरा होऊन उपयोग काय, हा मुलाचा प्रश्न तिला खोटा वाटत नाही.

या भागाला ताकदीचा वारसा काही कमी नाही. किल्लारीच्या औसा तालुक्याला लागून निलंगा तालुका, आणि त्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. ते १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. तालमीत वाढलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानाचा खांदा तपासायची वेळ तिच्यावर आली तेव्हा तिनं त्यांनाही अंगठा मागून वर न्यायला सांगितलं. गुडघे गेलेले, पण खांदे मोकळे. तरुणपणी काय करायचात, असं विचारल्यावर त्यांनी जोर आणि बैठका सांगितल्या, हौद्यातली माती फावड्यानं उकरणं सांगितलं, दोरावर चढणं सांगितलं, आणि मग मुद्गल फिरवायची पद्धत खोलीतच मोकळ्या हातांनी करून दाखवली. मुद्गल डोक्यामागून, पाठीमागून पूर्ण गोल फिरतो. त्यात दंड आत वळतो, बाहेर वळतो, फळी वर जाते आणि खाली येते, आणि सुटू पाहणारं वजन प्रत्येक फेरीत कफला आवरावं लागतं. जोरांनी छाती वाढवली, तर माती उकरण्यानं आणि मुद्गलानं मागची बाजू सांभाळली. जुनं ते सगळं चांगलं, असं तिला म्हणायचं नाही. तालमीनं गुडघे आणि कान किती जणांचे घालवले ते तिनं पाहिलंय. पण खांद्यापुरतं पाहिलं तर त्या दिनक्रमात समतोल होता आणि आजच्या सोमवार-मंगळवारात तो नाही.

समतोल बिघडण्याला मोठे खेळाडूही अपवाद नसतात, हे सांगायला मीराबाई चानूचं नाव उपयोगी पडतं. ते प्रत्येकाला माहीत आहे. खांद्याच्या तक्रारीमुळे तिचा स्नॅच अडखळत होता. २०२० च्या अखेरीस ती अमेरिकेत कॅन्सस सिटीला अ‍ॅरन हॉर्शिग या वेटलिफ्टर असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे गेली आणि तिथं खांद्यातल्या असमतोलावर काम झालं. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा जागतिक विक्रम केला आणि जुलैमध्ये टोकियोत ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. जगात सर्वाधिक वजन उचलणाऱ्यांतली एक बाई खांद्याच्या बारीक स्नायूंसाठी महिने देते, हे ऐकल्यावर सायकलच्या ट्यूबचा व्यायाम करायला किल्लारीतल्या पोराला कमीपणा वाटत नाही.

ट्यूब खरंच सायकलची असते, पंक्चरच्या दुकानातून आणलेली. ती गजाला बांधायची, काखेत घडी केलेला टॉवेल धरायचा, कोपर काटकोनात ठेवून हात हळूहळू बाहेर न्यायचा आणि त्याहून हळू परत आणायचा. बेंचवर पालथं पडून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात तिरपे वर उचलायचे. हे ट्रॅपेझियसच्या खालच्या भागासाठी. भिंतीवर जोर मारून शेवटी फळ्या आणखी पुढे ढकलायच्या, हे सेरॅटससाठी. आखडलेली मागची बाजू मोकळी व्हावी म्हणून हात छातीसमोरून आडवा ओढून धरायचा. जिममध्ये ढकलण्याचा एक सेट तर आडव्या ओढण्याचे दोन. रॉड मानेमागे न्यायचा नाही, आणि उभं राहून रॉड हनुवटीपर्यंत खेचायचा व्यायाम दुखणं असेपर्यंत बंद. शंभर किलोचा बेंच मारणारा मुलगा अर्ध्या लिटरच्या बाटलीनं थरथरायला लागतो, आणि तिथं त्याला स्वतःच पटतं.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: एमआरआय काढायचा का, ऑपरेशन करायचं का? ताकद अचानक गेली असेल, पडून मार लागला असेल, खांदा निखळला असेल तर ती लगेच लातूरला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवते. बाकीच्यांना थांबायला सांगते. त्यामागे आधार आहे. ब्रिटनमध्ये ३०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत वरचं हाड घासून जागा मोठी करण्याची शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण घालून काही न करता बाहेर काढणं यांच्या परिणामांत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही. लॅन्सेटमध्ये तो अहवाल छापून आला. फिनलंडमधल्या चाचणीचा २०१८ चा निष्कर्षही तोच. आणि १९९५ च्या एका अभ्यासात साठीपुढच्या, खांदा अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तर अर्ध्याहून जास्त जणांच्या कफमध्ये फाटलेला भाग सापडला होता. चित्रात दिसलं म्हणून तेच दुखण्याचं कारण, असं होत नाही. हे गावात पटवून द्यायला वेळ लागतो, कारण स्कॅनवर पैसे गेले की उपचार झाल्यासारखं वाटतं.

सगळ्यात कठीण काम दुखणं थांबल्यानंतरचं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, स्नायुबंधांना जास्त वेळ लागतो. तीन महिने तरी हे चालू राहायला हवं. कळ गेली की ट्यूब खुंटीला लागते आणि पोरगं पुन्हा सोमवारच्या बेंचवर. शेवटी तिनं रुग्णांऐवजी जिम चालवणाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. एकानं ऐकून घेतलं, काटा आपल्याच गजाला टांगून घेतला आणि स्वतः ओढून पाहिलं. त्याचाही आकडा बाहेरच्या बाजूला कमीच आला. आता त्याच्याकडे चेस्टच्या दिवशी बेंचला हात लावण्याआधी प्रत्येकाला ट्यूबचे दोन सेट मारावे लागतात, आणि नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याचे आतले-बाहेरचे दोन आकडे वहीत लिहून ठेवले जातात. शेजारच्या गावातल्या जिमवाल्यानं अजून होकार दिलेला नाही. पोरं ट्यूब बघून दुसरीकडे जातील, अशी त्याला भीती आहे. पुढच्या रविवारी ती काटा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.